कोल्हापूरच्या तालमीत राहून मी कुस्ती कशी शिकलो

तालमीत राहून कुस्ती शिकायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे मला बरेच जण विचारतात, खासकरून ज्यांची पोरं अकरा-बारा वर्षांची झालीत आणि टीव्हीवर महाराष्ट्र केसरी बघून मला पण पैलवान करा म्हणून मागं लागलीत असे आईबाप. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. जसं आठवेल तसं लिहिणार आहे, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. आमच्या भागात कुस्ती ही कुणी वेगळी शिकवायची गोष्टच नव्हती, गावात तालीम, तालमीत मारुती, संध्याकाळी पोरं तिथंच. मारुती माने कवठेपिरानचे, गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, दोघंही हिंदकेसरी आणि 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये दोघांनीही सोनं आणलेलं. माझ्या आज्ज्यानं या दोघांच्याही कुस्त्या बघितलेल्या आणि तो त्या रात्री जेवताना सांगायचा, कुणी कुठला हात धरला, कुणाचा पाय कधी उचलला, सगळं. त्यामुळं दहावी झाल्यावर वडलांनी कोल्हापूरला ठेवायचं ठरवलं तेव्हा घरात कुणाला काही नवल वाटलं नाही, आई तेवढी दोन दिवस गप्प होती.

कोल्हापूरच का, तर तिथं गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग अशा जुन्या नावाजलेल्या तालमी आहेत आणि गल्लोगल्ली लहान तालमी तर कितीतरी. हे सगळं राजर्षी शाहू महाराजांनी उभं केलेलं. महाराज युरोपला गेले होते, रोमचं कलोसियम बघून आले आणि तसं मैदान आपल्याकडं असावं म्हणून खासबाग बांधून घेतलं, ते 1912 साली पूर्ण झालं. देशभरातले मल्ल, पार पंजाबचे सुद्धा, महाराज कोल्हापुरात आणून ठेवायचे, त्यांच्या खुराकाची सोय करायचे. मी खासबागेत पहिल्यांदा गेलो तेव्हा मैदान मोकळंच होतं, मधे आखाडा आणि चारी बाजूनं चढत जाणारी बसायची जागा, कुठंही बसा, कुस्ती पूर्ण दिसते, कुणाचं डोकं आड येत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार करून हे बांधलं याचं मला आजही फार वाटतं.

तर तालीम. माझी तालीम कुठली ते लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. जाताना बरोबर काय नेलं तर पत्र्याची पेटी, दोन लंगोट, जांघिया, अंथरूण-पांघरूण, एक छोटी शेगडी, चार भांडी, ज्वारीचं पोतं, घरच्या तुपाचा डबा आणि थंडाई घोटायची कुंडी. वस्तादांच्या पाया पडलो, नारळ दिला, त्यांनी माझी मान आणि मनगटं दाबून बघितली, वडलांना म्हणाले, "पोरगं हाडानं चांगलं आहे, पण वर्षभर न्यायला येऊ नका." झालं. एवढाच इंटरव्ह्यू. त्यांनी माझं नाव पण नंतर विचारलं, तोवर गावाच्या नावानंच हाक मारायचे, तालमीत सगळ्यांनाच तसं असतं.

सकाळी चारला उठायचं. आणि पहिलं काम हौद्याचं. हौदा म्हणजे जिथं कुस्ती होते ती मातीची चौकोनी जागा, आमच्या तालमीत तो जमिनीपेक्षा खोल होता, दगडी भिंती, लहानशी खिडकी, आत एकदम गार. रोज ती सगळी माती खोऱ्यानं खालीवर करायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला की बाहेर काढायचा, मग एक जड फळी दोरीनं ओढून सपाट करायची, फळीवर एखादा बारका पोरगा बसलेला. पहिले कितीतरी दिवस माझं मुख्य काम हेच होतं. नुसतं बघणाऱ्याला वाटेल की ही साफसफाई आहे, पण अख्खा हौदा एकट्यानं उकरून बघा म्हणजे कळेल, कंबर, खांदे, पंजे, सगळं भरून येतं, आणि पकडीत जी ताकद लागते ती खोऱ्याच्या दांड्यावरच तयार होते हे मी छातीठोकपणे सांगतो. मी नंतर जिमला पण गेलोय, डंबेल्स मारलेत, तसली पकड तिथं येत नाही.

माती पण साधी नसते. तांबडी मऊ माती चाळून आणायची आणि त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचं, तूप पण घालतात, प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं आणि ते वस्तादच ठरवतात. ताकानं आणि तेलानं माती ओलसर आणि मऊ राहते, धूळ उडत नाही, पडलं तरी मार कमी लागतो. हळद-कापूर खरचटलेल्यासाठी. नवी माती मिसळली की पहिल्या दिवशी तालमीत जो वास असतो ना, ताक आणि कापूर आणि ओली माती, तो मला अजून कुठंही आला तरी लगेच ओळखतो. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची, चप्पल तर लांबच राहिली. शनिवारी मारुतीला नारळ. आमच्यात मुसलमान पोरं पण होती, ती पण माती तशीच कपाळाला लावायची आणि नारळाचा प्रसाद सगळ्यांच्यात वाटला जायचा, यावर कधी कुणी चर्चा केलेली मला आठवत नाही.

माती झाली की मेहनत. तालमीत व्यायामाला मेहनतच म्हणतात. जोर, बैठका, सपाट्या, मग दोर चढणं, मग मानेचा व्यायाम. जोर आणि बैठका शाळेत सगळ्यांनीच मारलेल्या असतात, पण तालमीतला जोर हळू असतो, छाती मातीच्या अगदी जवळून न्यायची, श्वास कुठं घ्यायचा कुठं सोडायचा हे ठरलेलं, आणि आकडा दर आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. एकदम वाढवायला वस्ताद देत नसत. पहिल्या आठवड्यात मला संडासला बसता येत नव्हतं इतक्या मांड्या भरल्या होत्या, जिना उतरताना भिंतीला धरून उतरायचो. थोरल्या पैलवानांपैकी एक जण रोज रात्री तेल घेऊन यायचा आणि माझ्या पायाला रगडा करायचा, मला लाज वाटायची, तो म्हणायचा गप पड, मला पण असंच कुणीतरी केलंय. पुढच्या वर्षी जी नवी पोरं आली त्यांच्या पायाला मी तेल लावलं. ही पद्धतच आहे, कुणी सांगावं लागत नाही.

मग लढत. म्हणजे आपापसातली प्रॅक्टिसची कुस्ती. यात वस्ताद जोड लावून देतात, कधी बरोबरीचा, कधी तुझ्यापेक्षा दीडपट वजनाचा. थोरला पैलवान बारक्याशी लढताना पूर्ण ताकद लावत नाही, तो तुला डाव मारायला देतो, अर्ध्यावर थांबवतो, कुठं चुकतंय ते हातानंच दाखवतो, तोंडानं फारसं कुणी बोलत नाही. सुरुवातीला हात मिळवायचा आणि एकमेकांच्या अंगावर माती टाकायची. ही माती टाकणं नुसती रीत नाहीये, घामानं अंग निसरडं होतं, माती लागली की पकड बसते. म्हणजे तू समोरच्याला पकड मिळावी अशी स्वतः सोय करून देतोस आणि तो तुझ्यासाठी, मग कुस्ती सुरू. मला हे फार आवडतं.

सुरुवातीचे कितीतरी महिने मला डाव शिकवलेच नाहीत म्हणलं तरी चालेल, फक्त खडाखडी. खडाखडी म्हणजे उभ्यानं एकमेकाच्या मानेवर, मनगटावर, दंडावर हात टाकून चाचपणी करायची. बाहेरच्या माणसाला ही कंटाळवाणी वाटते, मैदानात पण लोकं ओरडतात, अरे लढा की. पण सगळी कुस्ती तिथंच असते. मी सारखा समोरच्याचे पाय बघायचो, वस्ताद कट्ट्यावरनं ओरडायचे, "पायाकडं काय बघतोस लेका, मानेवरचा हात काय सांगतोय ते ऐक." हळूहळू खरंच कळायला लागतं. मानेवर टाकलेल्या हाताला समजतं की समोरच्याचा भार आता कुठल्या पायावर आहे, तो पुढं येणार का मागं जाणार, दमलाय का नाटक करतोय. एकदा संध्याकाळी हौद्यात दिवा गेला, वस्ताद म्हणाले थांबू नका, तसंच लढा, आणि त्या अंधारात मला जोडीदाराचा पाय कुठं आहे ते समजत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता आपल्याला कुस्ती येईल.

पहिला डाव एकेरी पट. समोरच्याचा एक पाय पकडून उचलायचा, दोन्ही पाय धरले तर दुहेरी पट. सांगायला सोपं. पण खाली वाकायच्या आधी त्याचा भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो, मान जरा ओढायची, तो विरोध करतो, त्याच क्षणी सोडून आत शिरायचं, डोकं त्याच्या बरगडीला चिकटलेलं पाहिजे, नाहीतर तो तुझ्या मानेवर बसतो आणि कब्जा घेतो. कब्जा गेला की तू खाली आणि तो तुझ्या पाठीवर, मग घिस्सा, मोळी, सवारी असे खालचे डाव सुरू होतात. प्रत्येक डावाची तोड असते, तोडीची पण तोड असते. मला स्वतःला ढाक आवडायचा, समोरच्याचा हात काखेत आवळून, कंबर त्याच्या पुढ्यात घालून एका झटक्यात फेकायचं. हा बसला तर माणूस सरळ पाठीवर, डोळे आभाळाला. खाशाबा जाधवांचा ढाक प्रसिद्ध होता. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीतच तयार झालेले, आणि 1952 ला हेलसिंकीमध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. त्यांना तिकडं जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आमच्या तालमीत खाशाबांचा फोटो मारुतीच्या शेजारीच होता.

आता खुराक, कारण आईबापांचा पहिला प्रश्न हाच असतो की खर्च किती. खर्च खरा इथंच आहे. जुन्या तालमीत राहायला फारसं काही द्यावं लागत नव्हतं, पण मेहनत करून नुसतं भाकरी-आमटीवर भागत नाही. सकाळच्या मेहनतीनंतर थंडाई, रात्री भिजवलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप, मिरी, सगळं कुंडीत घोटायचं, कंटाळा येईपर्यंत घोटायचं, मग दुधात. मिक्सर का नाही वापरत असं मी विचारलं होतं, तर उत्तर मिळालं की घोटणं पण मेहनतीतच धरलंय. गंगावेशीत दूध कट्टा आहे, तिथं म्हशी आणून बांधलेल्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लासात देतात, फेसाळ गरम दूध, संध्याकाळी तिथं पैलवानांची गर्दी. शिवाय तूप, अंडी, केळी, आठवड्यातनं दोन-तीनदा मटण, ते पण आम्हीच शिजवायचं, पाळ्या लावलेल्या. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा करायला मी तिथंच शिकलो. वडील दर महिन्याला एसटीनं तूप आणि ज्वारी पाठवायचे, त्यासाठी घरात एक म्हैस वाढवली होती, आणि धाकट्या बहिणीच्या वाटचं दूध माझ्या डब्यात तूप होऊन येतं हे मला माहीत होतं. ज्याच्या घरून काही येत नाही त्याच्यासाठी बाकीचे आपापल्यातलं काढून ठेवायचे. चांगली ताकदीची पोरं खुराक परवडत नाही म्हणून परत गेलेली मी बघितलीत, आणि याच्याइतकी वाईट गोष्ट कुस्तीत दुसरी नाही.

नियम कडक. तंबाखू, मावा, दारू, काही नाही. रात्री नऊला दिवे बंद. मोबाईल तेव्हा एकाच थोरल्याकडं होता, रविवारी घरी फोन. सिनेमा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे जड जातं, खोटं कशाला सांगू, पण दिवसभरात दोन वेळा एवढं अंग घुसळून निघतं की रात्री कशाची आठवण पण येत नाही.

दुखापती होतात, त्या लपवून ठेवू नयेत. कान तर सगळ्यांचेच मोडतात. लढतीत डोकं घासून घासून कानात रक्त साकळतं, कान सुजून टणक होतो आणि तसाच राहतो. माझा डावा कान पहिल्याच वर्षी गेला. बरेच पैलवान ती खूण म्हणून मिरवतात, ठीक आहे, पण वेळेत डॉक्टरकडं जाऊन रक्त काढून घेतलं आणि कान दाबून बांधला तर वाचतो, मी आता पोरांना लगेच पाठवतो. गुडघा मात्र थट्टेची गोष्ट नाही. लिगामेंट गेली तर मालीश करून काही होत नाही, MRI काढावाच लागतो. आणि मातीतनं नायटा पसरतो, म्हणून लढत झाली की लगेच आंघोळ, दुसऱ्याचा लंगोट-टॉवेल वापरायचा नाही.

वर्ष उलटल्यावर वस्तादांनी मैदानाला सोडलं. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडं यात्रांचा हंगाम, गावोगाव मैदानं. कुंडल, वारणानगर असली मोठी मैदानं वेगळी, तिथं कुस्त्या आधी नेमलेल्या असतात, पोस्टर लागतात. बारक्या गावात मात्र लांग, म्हणजे कुस्तीचा कमरेचा घट्ट पोशाख, लावून आखाड्याच्या कडेनं हात वर करून फिरायचं, पंच दोघांना शेजारी उभं करून खांद्याला खांदा लावून बघतात, जोड पटली की कुस्ती लागली. एकदम लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मग पन्नास, शंभर, असं इनाम चढत जातं, शेवटची एक नंबरची. माझी पहिली बाहेरची कुस्ती पाचशेवर लागली. हलगी वाजायला लागली की पोटात कसंतरी होतं, ती तुमच्या कुस्तीच्या तालावर वाजते, तुम्ही जोरात आलात की ती पण जोरात. समोरचा माझ्यापेक्षा उंच होता, बराच वेळ खडाखडी झाली, लोकं ओरडायला लागली, आणि मग तो मान ओढायला पुढं आला तेव्हा त्याचा सगळा भार उजव्या पायावर आलेला माझ्या हाताला लागला. ढाक बसला. दोन्ही खांदे मातीला लागलेले पंचांनी बघितले आणि हात वर केला. कुणी दहाची, कुणी पन्नासची नोट हातात कोंबत होतं, एका म्हाताऱ्यानं स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्याला बांधला. वस्तादांच्या पाया पडलो तर ते एवढंच म्हणाले, "घाई केली नाहीस, बरं केलंस." सगळे पैसे बदामाला गेले.

पुढं मॅटवर गेलो आणि तिथं बरंच काही नव्यानं शिकावं लागलं. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती, वेळ लागू दे. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, खाली घेतलं की दोन पॉइंट, गोलाबाहेर ढकललं तरी एक पॉइंट, दहाचा फरक झाला की संपलं. मातीत लांग धरून डाव मारता येतो, घिस्सा तर त्याच्यावरच, मॅटवर कॉस्च्युमला हात लावला तर फाऊल. मातीत आपण जरा ताठ उभं राहतो, मॅटवर खाली वाकून राहावं लागतं नाहीतर पाय गेलाच समजा. आणि मॅटवर वेग पाहिजे, माती पाय धरून ठेवते, मॅट धरत नाही. म्हणून काही कोच म्हणतात की मातीत वेळ घालवूच नका, डायरेक्ट मॅट. मला हे पटत नाही. वेग आणि पॉइंटचं गणित मॅटवरच शिकावं लागेल हे कबूल, नॅशनल आणि पुढचं सगळं मॅटवरच आहे. पण हाताला भार कळणं, दमलेल्या अंगानं शांत राहणं, पडायची भीती जाणं, हे मातीत जेवढं मुरतं तेवढं दुसरीकडं मुरत नाही. महाराष्ट्र केसरीत आजही माती विभाग आणि गादी म्हणजे मॅट विभाग दोन्ही आहेत, दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात, ते मला योग्य वाटतं.

गुडघ्यामुळं माझी स्वतःची कुस्ती थांबली, आता गावात नोकरी सांभाळून संध्याकाळी पोरांना शिकवतो. मुली पण येतात. माझ्या तालमीत त्या काळी मुलींना आत प्रवेश नव्हता, पण 2023 ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि आपल्या सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, त्यानंतर आमच्या गावातल्या बायका स्वतः पोरींना घेऊन आल्या. मुलामुलींची लढत वेगवेगळी, वेळ पण वेगळी, माती तीच. आठवड्यातले तीन दिवस माती आणि तीन दिवस मॅट असं ठेवलंय, बारा वर्षांच्या आतल्यांना जास्त माती. आमची मॅट जुनी आणि अर्धीच आहे, त्यावर गोल पूर्ण बसत नाही, त्यामुळं कडेला ढकलायची प्रॅक्टिस नीट होत नाही आणि तालुक्याच्या स्पर्धेत आमची पोरं नेमकी त्याच एका-एका पॉइंटनं जातात. नव्या मॅटसाठी अर्ज दिलेत, वर्गणी पण चालू केलीय, यात्रेच्या आत अर्धे पैसे जमतील असं वाटतंय.